डाव्या कोपऱ्याचं साटंलोटं

आमच्या भागातल्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धेत एक नियम पाळला जातो. तो कुठल्याही नियमावलीत सापडणार नाही. संघातले खेळाडू गावचेच पाहिजेत, मात्र गावचा जावई गावचाच धरायचा. हा नियम कोणी केला ते कुणाला ठाऊक नाही. ज्याने केला त्याला जावयाचा मान राखायचा होता, असं जुनी माणसं सांगतात. परिणाम एवढाच झाला की चांगला चढाईपटू हवा असेल तर गावाला सराव करण्यापेक्षा सोयरीक जुळवणं सोपं वाटू लागलं.

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. हळद शिजवायच्या दिवसांत बातमीसाठी फिरावं लागत नसे. गावात हळद शिजवायचा कुकर एकाच शेतकऱ्याकडे होता. पिंपं भरायची, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ लावायचा आणि वाफ धरेपर्यंत बसून राहायचं. या बसण्याला काही तरी काम हवं म्हणून लोक कबड्डीवर बोलत. काही वर्षांत हे काम इतकं वाढलं की ज्यांच्या शेतात हळदीचा एक गड्डाही नव्हता, तेही वाफेची वाट पाहायला येऊ लागले.

तिथं दोघांचा शब्द चाले. एक होते निवृत्त ड्रिल मास्तर. सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ चढाईपटू त्यांच्या तरुणपणी होऊन गेला होता आणि त्याला पाहिलेले ते एकटेच हयात होते. या गड्याने एका दमात चार जणांना बाद केलं होतं. मी ऐकू लागलो तेव्हा चार होते, पुढे पाच झाले आणि अलीकडे सगळा संघच बाद करून तो मधल्या रेषेवर विडी पेटवत असे. दुसरा होता सलूनवाला. तो मोबाइलवर सामने हळू गतीत पाही आणि कोणत्या खेळाडूची किंमत किती हे सांगे. मैदानात त्याचा स्वतःचा पाय फक्त चुना टाकायला पडला होता. दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही, आणि त्यामुळे दोघांपैकी एकही चुकत आहे असं कुणाला वाटलं नाही.

कुकरवाल्याचा मुलगा गावच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळे. बोलायला कमी. जाळात पऱ्हाट्या सारत तो स्वतःवरची चर्चा अशी ऐके, जशी शेजारच्या बैलाविषयी चालली आहे. चढाईपटूचा घोटा त्याच्या हातात आला की पुढचा श्वास तो गडी जमिनीवरच घेई. कुकरवाल्याची मुलगी हिंगोलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती सुटीला घरी येई तेव्हा जाणकारांना चहा मिळे, त्यामुळे तिच्याविषयीही सर्वांचं मत चांगलं होतं.

त्या साली ओढ्यापलीकडच्या गावाने आम्हाला हरवलं. त्यांच्या एकाच चढाईपटूने आमचं अंगण पुन्हा पुन्हा रिकामं केलं. पराभवानंतर आठवडाभर मास्तर आणि सलूनवाल्याने दोष कोणाचा यावर खल केला. मग सलूनवाल्याला कळलं की तो चढाईपटू बिनलग्नाचा आहे. कुकरभोवती पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

कुकरवाल्याच्या मुलीसाठी मध्यस्थ गेला. तिकडच्या लोकांनाही जाळाशेजारी बसायची सवय असावी, कारण त्यांचा निरोप तयारच होता. मुलाला बहीण आहे. साटंलोटं करू. तुमची पोरगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, देणंघेणं काही नाही. याचा दुसरा अर्थ समजवायला कुणाची गरज पडली नाही. त्यांचा चढाईपटू आमचा जावई होणार होता आणि आमचा डावा कोपरा त्यांचा. मध्यस्थाने उठता उठता आणखी एक किरकोळ बाब सांगितली. त्या घरात सुनांना नोकरीला पाठवत नाहीत. ही बाब किरकोळच ठरली, कारण तिचा चढाईशी संबंध नव्हता.

पुढचे दिवस सौद्याच्या छाननीत गेले. सलूनवाल्याचं म्हणणं, चढाईपटू गुण आणतो, कोपरा फक्त गुण वाचवतो, तेव्हा फायदा आपलाच. मास्तरांचं म्हणणं, चढाईपटू तिशीत ढेपाळतो, कोपरा चाळिशीपर्यंत टिकतो, तेव्हा पलीकडच्यांनी आपल्याला गंडवलं आहे. कुणीतरी सुचवलं की वर एक राखीव खेळाडू मागावा. पलीकडे धाकटी बहीण आहे का, याचीही चौकशी झाली. चार माणसांच्या जन्माचा प्रश्न इतक्या बारकाईने तपासला जात असताना मी दुसरीकडे पाहिला नाही. त्या चौघांपैकी कुणाला काही विचारलं नव्हतं, एवढी एक फट सोडली तर.

कुकरवाला आधी गप्प होता. देणंघेणं नाही म्हटल्यावर त्याचं मन वळू लागलं आणि सगळं गाव त्याला आता ‘व्याही’ म्हणू लागल्यावर ते वळून गेलं. शनिवारी पलीकडची माणसं शब्द घ्यायला येणार असं ठरलं.

मुलगी शुक्रवारी आली. चहा ठेवला आणि बाजेजवळ उभी राहून तिने वडिलांना सरळ सांगितलं की परीक्षा व्हायची आहे, त्यानंतर नोकरी करायची आहे, लग्न आत्ता नको. वडील मास्तरांकडे बघू लागले.

‘लगन झाल्यावर बी शिकता येतं की,’ मास्तर म्हणाले.

‘त्या घरात?’ ती म्हणाली.

‘अगं, गावाचा विचार कर जरा,’ सलूनवाला म्हणाला. ‘असा रेडर पुन्हा भेटन व्हय?’

ती कप गोळा करू लागली. बसलेल्यांपैकी काहींनी मान डोलावली, कारण गप्प बसलेली मुलगी म्हणजे तयार झालेली मुलगी, असा आमच्याकडे हिशेब आहे.

जाळापाशी बसलेला भाऊ उठला. हात झटकले आणि बापाकडे बघून म्हणाला, ‘बा, त्यायला उद्या आधीच सांगून टाका. माझा गुडघा गेला हाये.’



‘काहून?’ सलूनवाल्याने विचारलं.

‘दोन सालापासून पट्टी बांधून खेळून राहिलो. आता होत न्हाई. नंतर कळलं तर म्हणतील, फसवलं.’

मास्तरांनी त्याला चालून दाखवायला सांगितलं. तो चालला. लंगडल्यासारखा चालला की चालल्यासारखा लंगडला, हे सांगणं कठीण होतं. मग कुणाला तरी आठवलं की इथं एक नर्स उभी आहे. तिने कप खाली ठेवले, भावाला बाजेवर बसवलं, पँट वर सरकवली आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. तो कळवळला. तिने अंगठा बाहेरच्या बाजूला दाबला. तो तिथंही तितकाच कळवळला.

‘लिगामेंट,’ ती म्हणाली. ‘पूर्ण गेलंय. कबड्डी बंद.’

बहीण-भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग जे झालं ते नोंदवण्यासारखं आहे. सलूनवाला म्हणाला की हळू गतीत पाहताना त्याला हे केव्हाच दिसलं होतं. मास्तर म्हणाले, डाव्या पायावर तो भार देत नाही हे पहिल्या सामन्यापासून त्यांच्या लक्षात होतं, पोराचं मन राखायला बोलले नाहीत. घटकाभरात असा एकही माणूस उरला नाही ज्याला हे आधीच माहीत नव्हतं.

पलीकडे निरोप संध्याकाळीच पोचला. शनिवारी कुणी आलं नाही. चांगल्या चढाईपटूच्या बदल्यात मोडका कोपरा कोण घेईल? मुलाची बहीण आणि आमची मुलगी यांचं काय, हे तिकडेही कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. चढाईपटूचं लग्न पुढे तिसऱ्याच गावात झालं. तिथं संघच नव्हता.

उन्हाळ्यात हट्टा गावच्या मैदानावर सामने झाले तेव्हा डाव्या कोपऱ्यावर एक नवा मुलगा उभा होता. घोटे त्याच्या हातातून साबणासारखे निसटत होते. कुकरवाल्याचा मुलगा रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा होता. एका चढाईच्या वेळी त्याचं सगळं अंग पुढे झुकलं, दोन्ही हात सुटले आणि मग त्याने ते पुन्हा घडीत घेतले. आम्ही हरलो. परतताना सलूनवाल्याने जाहीर केलं की कुकरवाल्याचा मुलगा तालुक्यातला सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ कोपरा होता. खेळणं थांबवल्याखेरीज ही पदवी आमच्याकडे मिळत नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी मी आणि मास्तर हिंगोलीच्या एसटीत बसलो होतो. मुलीची परीक्षा होती. गाडी फाट्यावरून हलली तेव्हा ती शेताच्या बांधावरून येताना दिसली आणि तिच्या पुढे भाऊ. डोक्यावर तिची पेटी घेऊन तो ढेकळांतून पळत आला, पाण्याची चारी एका उडीत ओलांडली, गाडीच्या दाराशी पोचला आणि दांडी धरून कंडक्टरला थांबायला सांगितलं. धाप लागली नव्हती. बहीण मागून आली, पेटी घेतली, चढली आणि खिडकीपाशी बसली.

‘दादा, सावकाश जा घरी,’ ती खिडकीतून म्हणाली. ‘गुडघ्याला जप.’

‘व्हय,’ तो म्हणाला आणि गाडी वळेपर्यंत लंगडत चालला.

मी मास्तरांकडे पाहिलं.

‘लिगामेंट गेलेला माणूस असाच पळतो,’ ते म्हणाले. ‘तुमाला खेळातलं कळत न्हाई. आन् पेपरात काही देऊ नका.’