आईला सांगितलेला स्वीडिश सिनेमा

दोन हजार चार-पाच साल असेल. माझ्या बाळंतपणाला आई जर्मनीत ब्राउनश्वाइगला आली आणि दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघी कोंडल्या गेलो. बाहेर मरणाची थंडी, आत आईच्या सूचना. टोपी घाल, टोपी काढ, अगं असं काय धरतेस त्याला! सातव्या आठवड्यात माझ्या तोंडून निघून गेलंच, "तू तरी कुठे सांभाळलंस मला?" पुढचं मी गिळलं. आई दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. नवरा बिचारा म्हणाला, "माय-लेकी जरा फिरून या, मी बघतो बाळाकडे."

फिरणार कुठे, कपाळ! जर्मनीतला रविवार, सगळी दुकानं बंद. उघडं होतं ते एक छोटंसं थिएटर. पोस्टरवर दोन बायका दिसल्या, म्हटलं कौटुंबिक असेल. आत बसल्यावर कळलं, पिक्चर स्वीडिश आणि खाली जर्मन अक्षरं. आईला दोन्ही सारखंच! म्हणजे मीच तिच्या कानात कुजबुजायचं. आणि गोष्ट काय, तर म्हातारी आई लेकीकडे राहायला येते आणि दोघींचं क्षणभर पटत नाही. घ्या! आम्ही बरोब्बर रांगेच्या मधोमध. उठायचं तर सहा जणांचे गुडघे ओलांडायचे. मध्यंतर तर इथे नसतंच.

"काय म्हणाली?" आई दर वाक्याला विचारायची.

"सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणतेय."

"आणि लेक?"

"तुला कधीच काही आवडत नाही, म्हणतेय."

"खरंय तिचं," आई म्हणाली. कुणाचं खरं, ते काही मी विचारलं नाही.

मग पडद्यावरची लेक नुसती बटाटे सोलायला लागली. मुकाट. तरी आईने विचारलंच, "आता काय म्हणतेय?"

मला राहवलं नाही. "म्हणतेय, मी पाच वर्षांची होते. तुझ्या नोकरीपायी तीन वर्षं मला मावशीकडे ठेवलंस. दर रविवारी मी एसटी स्टँडच्या पायरीवर बसून राहायचे. तू यायची नाहीस."

मागून कुणीतरी "श्श" केलं. वाटलं, आता ही उठणार आणि सगळ्यांचे पाय तुडवत निघून जाणार. पण आई पडद्याकडेच बघत होती. तिथे अजून बटाटेच चालले होते.

"तिला सांग," आई हळूच म्हणाली, "आई एकदा आली होती. गाडीच्या खिडकीतून दिसलीस तू. आई उतरलीच नाही. उतरले असते तर तुला सोडून परत जाणं झालं नसतं माझ्याच्यानं."

"आली होतीस?" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढचे दोघे वळून बघायला लागले.

पंचवीस वर्षं मी ती आली नाही म्हणून चिडून होते. हे त्याहून वाईट होतं. रडू आवरेना. आईने माझा हात घट्ट धरला, आणि तो सोडवून घ्यावा की नाही, हे मला पिक्चर संपेपर्यंत ठरवता आलं नाही.