वाळवंटात कुकरची शिट्टी

जीपीएसच्या स्पेअर बॅटऱ्या मी ॲरिझोनाच्या वाळवंटात एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून आलो. चुकून नाही, मुद्दाम. वर हसतसुद्धा होतो.

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फिदीफिदी हसत आलोय. माझा कशावरही विश्वास नाही, साध्या हवामानाच्या अंदाजावरही नाही. शिवाय माझ्या गोष्टीत ना पिंपळ आहे, ना पांढऱ्या साडीतली बाई. प्रेशर कुकर आहे. आता तुम्ही हसा.

२००४ सालचा एप्रिल. फीनिक्सजवळ चँडलरला मी आणि माझा मित्र सचिन एकाच ऑफिसात होतो, एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. त्याचे आईबाबा नागपूरहून आले आणि मी माझ्या घरी स्वयंपाक करणं बंद केलं. काकूंनी बॅगेतून स्वतःचा कुकर आणला होता. त्याची शिट्टी म्हणजे एक नमुना — आधी दोन उचक्या, मग लांबच लांब किंकाळी. तीन बिल्डिंग सोडून मला ऐकू यायची आणि मी ताट घेऊनच निघायचो.

तेव्हा जिओकॅशिंगचं खूळ नवीन होतं. कुणीतरी रानात डबा लपवतो, वेबसाइटवर त्याचे अक्षांश-रेखांश टाकतो. आपण हातातल्या जीपीएसवर तो शोधायचा. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. मी नवंकोरं जीपीएस घेतलं होतं, त्यामुळे लीडर मीच. एका रविवारी मी आणि सचिन डबा शोधायला निघालो, तर काकाही तयार झाले.

"ऊन आहे बाबा, तुम्ही घरी थांबा," सचिन म्हणाला.

"काहून? याला ऊन म्हणतात का तुमच्यात?" काका टोपी शोधत म्हणाले. "मे महिन्यात नागपूरला ये, मग दाखवतो."

काकू गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या. "चारपर्यंत या. वरण-भात गरम ठेवते," एवढंच बजावलं.

शहराच्या पूर्वेला पाऊण तास ड्राइव्ह करून एका कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी लावली. तिची जागा मी जीपीएसमध्ये मार्क केली — हो, एवढी अक्कल होती. मग तासभर निवडुंगांतून चाललो. काका अखंड बोलत होते. डबा एका खडकाच्या कपारीत सापडला तेव्हा सोनं सापडल्यासारखे आम्ही ओरडलो. आत एक रबरी बेडूक होता. मी तो उचलला.

"आता त्यात काहीतरी टाक," काका म्हणाले. "लोकांचा डबा रिकामा परत करत नाहीत."

बरोबरच होतं. शेजारच्या डब्यात निदान चिमूटभर साखर घालून तो परत करायचा, हे आमच्याही घरचं वळण. पण माझ्या खिशात साखर नव्हती. होत्या फक्त बॅटऱ्या. एका बेडकाच्या बदल्यात चार बॅटऱ्या... मला स्वतःच्या दानतीचं फार कौतुक वाटलं.

परतीच्या वाटेवर जीपीएसचा स्क्रीन विझला.

"स्पेअर काढ," सचिन म्हणाला.

मी खिशातून बेडूक काढला.

सचिनने कपाळाला हात लावला. "यार... तू खरंच ठेवल्यास?"

"दिशा माहितीये मला," मी म्हणालो आणि ठामपणे चुकीच्या बाजूला निघालो. तिथला प्रत्येक निवडुंग दुसऱ्या निवडुंगाचा सख्खा भाऊ असतो. रस्ता येईना. घड्याळात चार वाजून गेले. मोबाइलला रेंज नव्हती. पाणी संपलं. आणि मग लक्षात आलं की काकांचं बोलणं थांबलंय. मागे वळून पाहिलं तर ते एका खुरट्या झाडाच्या सावलीत बसले होते. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे, आणि घाम पार सुकलेला. नागपूरचा उन्हाळा काढलेला माणूस म्हणाला, "थोडं थांबू."

सचिनने टोपीने त्यांना वारा घालायला सुरुवात केली. मला शिव्या देत असता तर बरं वाटलं असतं, पण तो माझ्याकडे बघतही नव्हता.

आणि तेवढ्यात... आमच्या पाठीमागून, आम्ही चाललो होतो त्याच्या अगदी उलट दिशेने, दोन उचक्या आल्या. मग लांबच लांब किंकाळी.

मला ऊन लागलंय, अशी माझी खात्री झाली होती. पण काकांनी मान वर केली. "वरण लावलं वाटतं तिनं."

सचिन पांढराफटक. "तुला पण ऐकू आलं?" त्याने मला विचारलं.

पुन्हा उचक्या, पुन्हा किंकाळी. कुणी काही ठरवलं नाही. काकांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि आवाजाच्या रोखाने निघालो. आम्ही थांबलो की शिट्टी व्हायची. एका ओढ्याचं कोरडं पात्र ओलांडलं, चढ चढलो आणि समोर गाडी! आजूबाजूला माणूस नाही, तंबू नाही, धूर नाही. शिट्टीही थांबली.

गाडीत पाण्याचा कॅन होता. काकांचं डोकं भिजवलं, घोट-घोट पाणी पाजलं, एसी फुल केला. हायवेला लागलो तसे मागून ते म्हणाले, "अबे, तुझ्या बेडकाला पण पाणी पाज!" माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सचिन हसायला लागला आणि हसता हसता रडला.

घरी जिन्यातच जळका वास आला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, काकू दारात.

"चार वाजून गेले आणि तुमचा पत्ता नाही! जीव असा घाबरला... बाल्कनीतून पाय निघेना. मागे कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय, मला ऐकू येतंय, पण बंद करायचं सुचेना. वरणाचा कोळसा झाला."

काका तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

पुढच्या रविवारी मी आणि सचिन पुन्हा तिथे गेलो, भरपूर पाणी आणि खिसाभर बॅटऱ्या घेऊन. काकूंना त्याच वेळी कुकर लावायला सांगितलं होतं. वाळवंटात चिटपाखरूही बोललं नाही. खडकातला वारा, एखादा पक्षी, उन्हाचा भास — सगळं ताडून पाहिलं. पण तिघांना एकच भास, तोही दोन उचक्यांसकट? ऑफिसात सॉफ्टवेअरमधला असा बग 'परत घडत नाही' म्हणून बंद करतात. मला अजून करता आलेला नाही.

काकूंनाच शेवटी विचारलं, "काकू, हे झालं तरी कसं?"

त्यांनी तळाशी अजूनही काळाकुट्टच असलेला कुकर आणि घासणी माझ्या हातात दिली. "मला काय विचारतोस? त्यालाच विचार घासता घासता. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."