साबण कुठून आला

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात मावशीचं राज्य होतं. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती. पण डॉक्टरांच्या ॲप्रनवरचे डाग बघून ती त्यांच्या घरातली भांडणं ओळखायची, म्हणून सगळे तिला वचकून असत. रक्ताळलेल्या चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी हाताने घासाव्या लागतात. तिथला साबण बंद झाला, स्वस्तातला कडक सोडा आला, आणि मावशीच्या बोटांची सालं निघू लागली. घरी नातीची वेणी घालायला बसली की केस भेगांत अडकत. नात म्हणे, "आजी, राहू दे, आई घालेल." हे तिला सोड्यापेक्षा जास्त झोंबायचं.

साबण परत मिळावा म्हणून तिने मोठ्या मिनतवारीने मॅनेजरला खाली बोलावलं. बोलायला तिथेच कामाला असलेल्या मला पुढे केलं. मी पडलो पुढारी. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर दोन मतं आहेत. पण शब्दकोश मी चाळून चाळून खिळखिळे केलेत.

सुरुवात झोकात केली. म्हटलं, साबण साऱ्या जगाची गरज आहे, शब्दच बघा ना: अरबीत साबून, तुर्कीतही साबून, पोर्तुगीजात साबाँव, फ्रेंचात साव्हाँ. जुन्या लॅटिनमधला सापो तर केस तांबडे करायचा लेप. मॅनेजर खुलला. म्हणाला, आपल्या भाषेत मात्र तो पोर्तुगीजांकडूनच आला. झालं, माझं टाळकं सटकलं. अरबीतून, मी मूठ आपटून सांगितलं. तो हटेना, आणि मी हटलो तर मी कसला?

शेवटी त्याने घड्याळ पाहिलं, छान चर्चा झाली म्हणाला आणि उठला. साबण कुठून आला यावर आम्ही घसा कोरडा केला. कधी येणार, हे विचारायचं राहूनच गेलं.

मावशी दारात आडवी आली. सोड्याची बादली तिने पायाने पुढे सरकवली.

"साहेब, जाण्याआधी यात हात बुडवा. मनगटापर्यंतच."

त्याने बादलीकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात खिशात घातले.

"मग साबण द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खोकी उतरली. वडीवर काय छापलंय ते वाचायला मी घेतली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"पुढच्या वेळी तू फक्त दार अडव. बोलायचं मी बघते."

मी बाणेदार उत्तर देणारच होतो, पण ती त्याच वडीने हात धूत होती.