उकंडरावची कोरडी विहीर

विहीर फोडणाऱ्यांचा एक नियम होता. पेटवलेला सुरुंग उडाला नाही, तर त्या दिवशी खाली उतरायचं नाही. वरून पाणी सोडायचं आणि घरी जायचं. अनसिंग गावच्या उकंडरावने हा नियम आम्हा सगळ्यांना शिकवला. त्याने तो एकदाच मोडला. खाली ओल दिसत होती, दिवस बराच उरला होता. त्याने बहिणीच्या नवऱ्याला, चंपतला, खाली उतरवलं. चंपतची पहार लागली आणि सुरुंग उडाला.

पुढे उकंडराव ख्रिस्ती झाला. प्रार्थनेला नेमाने बसे. पण येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर समोर आली की हात मागे घेई.

गुलाबराव पाद्री विचारत, "काहून घेत नाही?"

"कमावली नाही."

"ती कमवायची नसते. येशूनं आपला जीव दिला. माफी फुकट आहे."

"फुकटचं मी पानी बी पेलो नाही."

मग त्याने विधवा बहिणीच्या, भुरीबाईच्या, वावरात विहीर धरली. एकट्याने, सुरुंग न लावता, छिन्नी-हातोड्याने.

"पानी लागलं का भाकर घेईन."

"देवानं अशी अट घातली नाही," पाद्री म्हणाले.

"मी घातली."

मी अधूनमधून दोर ओढायला जाई. काम चोख होतं, बाजू ओळंब्यात, सरळ उभ्या होत्या. पण खाली काळा पाषाण लागला. त्यातून पाणी येणार नाही, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत असावं.

भुरीबाई काठावरून ओरडे, "दादा, बस कर आता! मी तुले कवाच माफ केलं."

"काहून केलं? मले इचारलं होतं?"

"माफ कराले बी तुहा हुकूम लागते काय?"

खालून फक्त हातोडा वाजे.

शेवटी दगडाची धूळ छातीत बसली. तो भुरीबाईच्या छपरीत अंथरुणाला खिळला. पाद्री भाकर घेऊन आले. उकंडराव मला म्हणाला, "जाय, पाहून ये. ओल तरी असन."

मी उतरलो. तळ हाताने चाचपला. परत आलो, तेव्हा भुरीबाई मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण. कामाबद्दल मी खोटं बोलत नाही.

"कोरडी हाय," मी म्हणालो.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मंग माह्याजवळ काहीच नाही."

"काहीच लागत नाही," पाद्री म्हणाले.

"तेच तं सहन होत नाही, पाद्रीबाबा."

भुरीबाईने पाद्र्यांच्या हातातला तुकडा घेतला आणि त्याच्या ओठांशी धरला. हात खाली घेईना. बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं.

तुकडा बोराएवढा होता. पहार उचलताना त्याला इतकं जड गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चावता चावता तो रडत होता. चेहरा काही उजळला नाही. पण त्याने गिळला.

ती विहीर अजून कोरडीच आहे.