स्पीकरवरची धाव

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी वर्ध्याजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. काम उंदरांच्या पिल्लांचं. भूल दिलेल्या पिल्लाच्या कण्यात, पाय हलवणाऱ्या मज्जापेशीत, केसाहून बारीक काचेची नळी घालायची आणि पेशीतली वीज मोजायची. पेशीचा प्रत्येक ठोका स्पीकरवर ऐकू येई. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची पेशी जराशा करंटनेही जागी व्हायची, पण ठोके सुस्त, आणि दमायची लवकर. पिल्लू पोट उचलून चालू लागण्याच्या सुमारास पेशी बदलत. जागं व्हायला करंट जास्त लागे, पण ठोके आखूड, नेमके, एका लयीत. त्या वयाची पेशी मी डोळे मिटून ओळखत असे.

धाकटी बहीण जवळच्या आर्वी गावाला दिलेली. तिचा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी उभा राहत नव्हता. पांगुळगाडा धरवला की गुडघे दुमडायचे. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. सासू म्हणाली, "पोरगं कापसाचं हाय काय वं?" एका दुपारी बहीण मुलाला कडेवर घेऊन एसटीने थेट माझ्या खोलीत आली.

बाहेरच्यांना आत घेऊ नये, ही पाटी दारावर मीच लावली होती. पण नळी पेशीत बसलेली. मला उठता येईना.

"हे काय वाजून राह्यलं, ताई?"

"पिल्लाच्या पायाची नस समज."

"म्हणजे चालून राह्यलं ते?"

"झोपलं हाय. पण चालायच्या वयाचं हाय."

तिने मुलाचा कान स्पीकरकडे धरला. "आयक रे! उंदराचं पिल्लूबी चालते, अन् तू बसून राह्यला लाटसाहेब!" मुलगा खुदकन हसला.

तेवढ्यात ठोके एकदम सुटले, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे.

"धावला!" बहीण ओरडली. "ताई, धावला नं!"

मग काहीच नाही.

"थांबला काऊन?"

काचेचं टोक जरा सरकलं की पेशी फाटते, आणि मरताना अशीच सुसाट वाजते. मला ते रोजचंच होतं. मुलगा अजून स्पीकरकडे बघत होता.

"दमला असंन," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात पोरगं चाललं. उशिरा, वाकड्या पावलांनी, पण चाललं. बहिणीने सगळं श्रेय त्या दुपारला दिलं. मग ते धावायलाही लागलं. मी आर्वीला गेले की फरशीवरून सुसाट सुटायचं, आणि हातातली भाजी टाकून मी उठायची.

"हळू रे!"

"धावू दे नं वं ताई! तूनंच तं आयकवलं होतं."

पावलं घरामागे जाऊन एकदम थांबत. बहीण हसत बसे. मी मागे जाऊन, तो श्वास घेतोय ना, एवढं बघून येई.