वरचा पंख कोणी धरला?

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. बग दिसला की त्याला कारण असतंच आणि ते सापडेपर्यंत उठायचं नाही, एवढंच आयुष्यभर करत आलोय. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचो. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहितो... कारण मनावरचं अर्धं ओझं त्या प्रसंगाचं नाहीच. त्याआधी मी जे बोललो, त्याचं आहे.

आम्ही टोकियोत ओजिमाला राहतो, सरकारी वसाहतीतल्या इमारतीत. मी, बायको मीनल आणि मुलगी इरा. गेल्या वर्षी पुण्याहून बाबा आले होते. त्यांना पार्किन्सन्स आहे. एकेकाळी सोसायटीत कॅरमला त्यांच्यासमोर बसायला लोक कचरायचे. आता उजवा हात सतत थरथरतो. इथल्या एका दुकानात त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं किट उचललं. एकावर एक दोन पंखांचं.

"दुमजली आहे रे," ते म्हणाले. "घेऊ या. दोघं मिळून करू."

डायनिंग टेबलावर काम सुरू झालं – मी खिडकीकडे पाठ करून, बाबा समोर. एका संध्याकाळी त्यांच्या हातून प्लास्टिक चिकटवायचं सिमेंट कॉकपिटवर सांडलं. हे सिमेंट पाण्यासारखं पातळ असतं आणि प्लास्टिक विरघळवतं. दिवसभर ऑफिसात बोलणी खाऊन आलो होतो... पण ते कारण नव्हे. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही आता कशालाही हात लावू नका. नुसते बसा."

ते नुसते बसले. दोन्ही हात मांडीखाली घेऊन.

ते पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. "अरे, बाबा कशालाच हात लावत नाहीत. चहाचा कपसुद्धा नाही. हात मांडीखाली घेऊन बसून राहतात. मी भरवते. डॉक्टर म्हणतात, हात वापरले नाहीत तर आहेत तेही जातील. तू काही बोललास का त्यांना?"

"नाही गं," मी म्हणालो.

किट कपाटात गेलं. यंदा दिवाळीला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मी ते बाहेर काढलं. पूर्ण करूनच न्यायचं, मग काहीही होवो.

अशा विमानाची ग्यानबाची मेख वरच्या पंखात असते. खालच्या पंखावर काडीएवढे खांब उभे करायचे, सगळ्यांच्या टोकांना एकदम सिमेंट लावायचं, वरचा पंख टेकवायचा आणि सुकेपर्यंत दोन्ही हातांनी जराही न हलवता धरून ठेवायचा. हा पंख वेगळ्या बंद पिशवीत होता. ती मी आत्ताच फोडली होती. पहिल्यांदा पंख घसरला. नंतर एक खांबच मोडला. प्रत्येक वेळी सगळं घासून साफ केलं, पुन्हा बसलो. इरा टेबलाशी येऊन जपानीत विचारायची, "मादा?"

"हो, अजून नाही," मी म्हणायचो.

त्या रविवारी दुपारी मीनल खाली भाजी आणायला गेली होती. मी पंख टेकवला, धरला... आणि घर हलायला लागलं. टोकियोत धक्के नवे नाहीत, पण हा थांबेना. आतून इरा ओरडली, "बाबा, जिशिन!" भूकंप हा शब्द तिला मराठीत सुचतच नाही. मी पंख सोडून धावलो आणि तिला घेऊन तिच्या अभ्यासाच्या टेबलाखाली बसलो.

थांबल्यावर बाहेर आलो. दिवा अजून झुलत होता. रंगाच्या बाटल्या टेबलावरून घरंगळून जमिनीवर पडल्या होत्या. विमान जागच्या जागी होतं. वरचा पंख सगळ्या खांबांवर, फुटपट्टी लावून पाहिलं तरी सरळ.

"देकिता," इरा म्हणाली. झालं.

इतक्यात फोन वाजला. पुण्यात तेव्हा जेवायची वेळ. भूकंपाचं ताईला काहीच माहीत नव्हतं.

"अरे, आत्ता बाबांना भरवत होते. एकदम दोन्ही हात वर केले, चिमटीत काहीतरी पकडल्यासारखे. मला वाटलं, वरणभात नको झाला. तर म्हणतात – थांब, धरलंय मी. आणि ऐक... हात हलत नव्हते. अजिबात."

मी तिला तेव्हाच सांगून टाकलं, की त्या वेळी मी खोटं बोललो होतो. ती म्हणाली, "गाढवा. मांडीखाली हात घेऊन बसलेला माणूस काय सांगतो ते मला कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी रंग द्यायला घेतला तेव्हा पंखाच्या टोकाशी अंगठ्याचा ठसा दिसला. ओल्या सिमेंटमुळे प्लास्टिक मऊ होतं आणि बोट लागलं की ठसा कायमचा उमटतो. "तुझाच असणार," मीनल म्हणाली. मलाही तसंच वाटलं असतं. पण ठसा उलट्या बाजूने होता – टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाने धरावं तसा. आणि त्यात मधोमध एक आडवी रेघ. बाबांच्या उजव्या अंगठ्यावर विळीने कापल्याची जुनी खूण आहे. माझ्या नाही.

कारण शोधायची सवय जात नाही. मी अजून शोधतोय, काही सापडलेलं नाही. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "सरळ बसला ना? मग झालं."

असा ठसा घासून काढायचा असतो. मी काढला नाही, त्यावर रंगही दिला नाही. आता दोन पंखांमधल्या तारा तेवढ्या राहिल्या आहेत, दोऱ्याच्या. त्या मी मुद्दाम बांधलेल्या नाहीत. विमान तसंच पुण्याला नेणार आहे. बाबांना तसं सांगितलं.

"तारा तुम्ही बांधायच्या, बाबा."

"हात थरथरतात रे. बिघडेल सगळं."

"बिघडू दे," मी म्हणालो.

काल ताईचा मेसेज आला. बाबांनी चहाचा कप स्वतः मागून घेतला. अर्धा चहा शर्टावर, अर्धा पोटात.