रोल नंबर माझा, पोरं मॅडमची

चाकणजवळच्या आमच्या कॉलेजात, शाळेतलं गणित कच्चं राहिलेल्या मुलांसाठी पहिल्या वर्षाला एक पायाभूत वर्ग असतो. दोन तुकड्या, एक माझी, एक मॅडमची. मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, पण शेवटच्या चाचणीत दरवर्षी त्यांचीच तुकडी पुढे. प्राचार्य भर मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक करायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी प्राचार्य म्हणाले, यापुढे दोन्ही तुकड्या एकाकडेच. ज्याचा निकाल चांगला त्याच्याकडे. हा वर्ग मी भांडून सुरू केलेला. तो मॅडमच्या घशात जाणार म्हटल्यावर निगडीला घरी पोचलो तरी माझं डोकं तापलेलंच असायचं.

मग मीच सुचवलं, "सोप्या चाचणीत कोणीही पास होतं. पुढच्या सेमिस्टरच्या गणितात किती पास होतात, ते मोजा." मॅडम लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे सर, तेच खरं." आता यांचं पितळ उघडं पडणार, असं मला वाटलं.

निकाल लागला आणि माझी तुकडी चक्क थोडी पुढे निघाली. आनंदाच्या भरात मी माझ्या यादीतल्या एकाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. कंपनीत पहिली शिफ्ट करून शिकणारा मुलगा. सकाळच्या तासाला क्वचितच दिसायचा.

"काय राव, पास झालास की!"

"व्हय सर. शिफ्ट सुटली की कॉलेजच्या कॅन्टीनमधी मॅडम बसायच्या ना, आमी समदे तितंच जायचो."

"समदे म्हणजे?"

त्यानं नावं सांगितली. सगळी माझ्याच यादीतली. पण आमच्याकडे मोजणी रोल नंबरवर होते. मुलगा ज्याच्या यादीत, पास त्याचा. मॅडमनाही हे माहीत असणारच. त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मी यादी तशीच प्राचार्यांना दिली. वर्ग मला मिळाला.

यंदा पहिल्याच तासाला मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करून दाखवली. "कोणाला काही विचारायचंय?"

मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. "सर, सीनियर सांगतात त्या मॅडम दुपारी कॅन्टीनमध्ये किती वाजेपर्यंत असतात?"